भाऊबीजेची पिशवी

आपल्या ओळखीचा कुणाला उपयोग होऊ नये म्हणून जन्मभर धडपडलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो मंत्र्यांचा सख्खा मेहुणा होता. कानडी मुलखात, चिकपेटेच्या बाजारात, आमच्या घराला लागून त्यांचं कापडाचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. धाकटी बहीण ज्या वकिलाला दिली तो पुढे निवडून आला आणि मंत्री झाला. यात अण्णांचा हात एवढाच, की लग्नात त्यांनी त्याचा कान पिळला होता. पण मंत्रिपदाची बातमी आली त्या दिवसापासून ते गल्लीतून चोरासारखे चालू लागले. रेशनच्या रांगेत कुणी पुढे बोलावलं, तर ते रांग सोडून घरी जात. सरकारी शिपाई कापड घ्यायला आला, तर त्याला स्वतः समोरच्या दुकानात पोचवून येत. समोरच्याने त्या जोरावर वर मजला चढवला.

एकदा शिपायांच्या खाकी गणवेशाचं टेंडर निघालं. भरावं तर लोक म्हणणार, मेहुण्यालाच मिळणार. न भरावं तर म्हणणार, आतून काहीतरी ठरलंय. आठवडाभर डोकं धरून बसल्यावर अण्णांनी गावात सर्वांत महाग असेल असा दर भरला. कंत्राट त्यांनाच मिळालं. त्यांनी हात जोडून नकार कळवला, तेव्हा दर स्वल्प वाढवून देतो असा उलट निरोप आला. अण्णा दोन दिवस दुकान बंद करून बसले.

मंत्र्यांच्या बंगल्यावर ते वर्षातून एकदाच जात, भाऊबीजेला, तेही मागच्या दाराने. आदल्या दिवशी अख्खी चिकपेट आपापले अर्ज घेऊन दुकानात हजर. अण्णांना नाही म्हणता येत नसे. "सरी, बरं, ठेवून जा," एवढंच म्हणत. अर्ज एका कापडी पिशवीत पडत, पिशवीला गाठ बसे, आणि बहिणीच्या साडीबरोबर ती बंगल्यावर जाऊन साडीशिवाय परत येई. ज्याचं काम होई तो पेढे आणी. अण्णा त्या पेढ्यांकडे संशयाने बघत राहत.

एका वर्षी माझ्या आईनेही माझा अर्ज त्यांच्याकडे दिला. शिक्षण खात्यात टायपिस्टची जागा होती. मी रीतसर मुलाखत दिली होती, आणि महिनाभरात लागलो. आई पेढे घेऊन गेली तेव्हा अण्णांनी अर्धाच घेतला आणि उन्हाळा फार आहे म्हणाले. तेव्हा थंडी होती. मी माझ्या हुशारीवर लागलो की अण्णांच्या पिशवीवर, हे मला काही केल्या कळेना.

पुढे त्यांच्या मुलीनं, कमळानं, जयनगरच्या सरकारी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखती आमच्याच कचेरीत झाल्या. निवडयादी मीच टाइप केली. कमळा पहिली होती. यादी साहेबांपुढे ठेवून वळतो तो दारात अण्णा, टोपी हातात घेऊन.

"साहेब, कमळा माझी मुलगी," ते म्हणाले. "मंत्रीणबाई तिची सख्खी आत्या. तिला घेऊ नका."

इतकी सभ्य शिफारस साहेबांनी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. ते उठून उभे राहिले, अण्णांना खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि नेमणुकीच्या पत्रावर त्यांच्यादेखत सही केली.

कमळा रुजू झाली आणि शाळेत कुजबुज सुरू झाली. तिनं ती बरेच दिवस गिळली. मग एका रविवारी, मी समोर बसलो असताना, वडिलांना विचारलं, "अण्णा, मी पहिली आले होते, की तुम्ही गेलात म्हणून आले?"

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. मी घाईघाईने सांगितलं की यादी ते येण्याआधीच टाइप झाली होती, माझ्या हाताने.

"तुझी साक्ष कशी धरू रे?" अण्णा म्हणाले. "तुझा अर्ज माझ्याच पिशवीत होता."

तो आत्यांना दिलात का, असं मी विचारलं. त्यांनी आपण होऊन कधीच काही दिलं नव्हतं. पण ओवाळून जेवण होईपर्यंत पिशवी आतल्या खोलीत असायची, आणि बहिणीनं गाठ सोडून काय काढून घेतलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पिशव्या अजून माळ्यावर होत्या. मग उघडून बघू या, असं मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "तुझा अर्ज निघाला नाही तर?"

मंत्रिपद गेलं, आणि दोनेक वर्षांनी अण्णाही गेले. दुकान रिकामं करताना कमळानं मला बोलावलं. माळ्यावर दर भाऊबीजेची एक पिशवी होती, गाठ मारलेली. आम्ही त्या वर्षीची सोडली. वरून चौथा अर्ज माझा होता, आईच्या हळदीच्या बोटाचा डाग तसाच. मला इतका आनंद झाला की लाजही वाटली. मग त्याखालचा कागद दिसला. आमच्या गल्लीतल्या एका विधवेचा पेन्शनचा अर्ज. ती बाई पेन्शनची वाट बघतच गेली होती. अण्णांनी केलं ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

कमळानं सगळे कागद पिशवीत भरले आणि अण्णांसारखीच गाठ मारली. मग रिकाम्या गादीकडे बघून, वर्गात हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "अण्णा, मी पहिली आले होते."