मंगलच्या नडगीचं खरं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा भाग गाळूनच बोलत आले. आणि आज सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. हलकं कशाला व्हायला हवं? मला राग आलाय — स्वतःचाच — आणि तो आता पोटात मावत नाही, एवढंच.

मी सुदुंबऱ्याची सून. शाळेत खेळ शिकवते. घरात आम्ही दोन जावा, मी थोरली, मंगल धाकटी. वयात बारा वर्षांचं अंतर. थोडी शेती आहे, ती सासरे बघतात, आणि दोघे भाऊ कंपनीत. सहा वर्षांपूर्वी मंगलही कंपनीतच जायची, कँटीनमध्ये चपात्या लाटायला.

लग्नाआधी मी पळायचे. जिल्ह्यापर्यंत गेलेले. मग लग्न, दोन बाळंतपणं, नोकरी — सगळ्यांचं असतं तेच. बेचाळिसाव्या वर्षी परत बूट घातले. शिट्टी मारून मुलांना पळवायचं आणि आपण सावलीत उभं राहायचं, याची लाज वाटायला लागली होती. पण पहिल्याच महिन्यात हौसेनं इतकी पळाले की डावी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

तळेगावात एक फिजिओथेरपिस्ट बाई होत्या, त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, पळणं बंद करा म्हणतील. त्या म्हणाल्या, बंद नको, मोजून करा. आठवड्याला बारा किलोमीटरपासून सुरुवात. पुढच्या आठवड्यात तेरा, मग पंधरा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम खाली यायचं, पायाला उसंत द्यायची. जिन्याच्या पायरीवर टाचा लोंबत्या ठेवून रोज खाली-वर. सकाळी पहिली दहा पावलं दुखलं तर चालेल, पण चहा होईपर्यंत दुखत राहिलं तर त्या दिवशी पळायचं नाही. मी वही केली. रोजचे किलोमीटर, रोजची टाच. मला शिस्त आवडते. निदान तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचे.

त्याच बाईंनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. दुखणं पसरलेलं असेल — हात फिरवून दाखवावं लागतं असं — तर ते बहुतेक स्नायूंचं. पण एका बोटानं दाखवता येत असेल, अंगठ्यानं दाबलं की माणूस दचकत असेल, त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर ते हाड. हाडाला बारीक तडा असतो. मग एक पाऊलसुद्धा पळायचं नाही, आधी एक्स-रेचा फोटो काढायचा. हे मी नीट ऐकलं होतं. वहीत लिहून घेतलं होतं. हे लक्षात ठेवा.

मंगल माझ्याबरोबर पळायला आली ती पळायला म्हणून आलीच नव्हती. पहाटे कंपनीच्या रस्त्याला कुत्री असायची आणि सासूबाई म्हणाल्या, एकटी जाऊ नको, धाकटीला ने. ती पंजाबी ड्रेसवर, कँटीनचे कॅनव्हासचे बूट घालून यायची. पहिल्या आठवड्यात दोनदा ओढणी पायात अडकली. मी हसले. तीही हसली.

तिसऱ्या महिन्यात ती माझ्यापुढे होती.

कसं सांगू तुम्हाला? मी दर आठवड्याला एक-एक किलोमीटर जोडत होते, बर्फाच्या बाटलीवर तळवा घासत होते, टाचेची मनधरणी करत होते — आणि ही बाई, जिला 'वॉर्मअप' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, ती पोळपाट-लाटणं ठेवून उठायची आणि पळायची. श्वाससुद्धा लागायचा नाही तिला. वळणावर थांबून माझी वाट बघायची. वाट बघायची! त्या वाट बघण्याचा मला जो राग यायचा, तो अजून आठवतो. ती मला खिजवत असती तर बरं झालं असतं. ती मनापासून थांबायची.

एकदा मला म्हणाली, "ताई, पळताना मला कुणी हाक मारत न्हाई. लय बरं वाटतं." एवढंच. त्या घरात दिवसभर तिला किती हाका मारल्या जातात, त्यातल्या निम्म्या मीच मारते, हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं? वहीत त्या दिवशीचे किलोमीटर लिहिले.

मग डिसेंबरातली लोणावळ्याची एकवीस किलोमीटरची शर्यत ठरली. वलवणपासून निघायचं, भुशी धरणाच्या वरचा चढ चढायचा आणि परत. नाव मी घातलं होतं. सहा महिने त्या एका शर्यतीसाठी टाच सांभाळत होते. शाळेत सांगून ठेवलं होतं, माहेरी सांगितलं होतं. आणि एके दिवशी जेवताना माझा नवरा — माझा, हं — म्हणाला, "मंगलचं पण नाव घाला की. ती तर नंबर काढंल." सगळे हसले. सासरे म्हणाले, "व्हय, धाकटी हरणावानी पळती."

नाव घातलं. मीच घातलं.

आणि तिला कितीवर नेलं, तेही सांगते. मी स्वतः आठवड्याला तीसवर होते, तिथवर यायला मला सहा महिने लागले होते. तिला मी पंधरा दिवसांत तिसावरून चाळिसावर नेलं. "तुला जमतंय, मग काय?" म्हणाले. चौथ्या आठवड्याची उसंत तिला सांगितलीच नाही. तेव्हा मी मनाशी म्हणत होते — तिची क्षमताच आहे तेवढी. किती छान वाक्य, नाही? माणूस खोटं बोलायला लागला की किती नीटनेटकं बोलतो!

दिवाळी झाली आणि तिचा उजवा पाय दुखायला लागला.

संध्याकाळची वेळ. ओट्यावर बसलो होतो. तिनं सलवार वर केली आणि नडगीवर बोट ठेवलं. बोट. एक बोट. "हितं दुखतंय ताई. कँटीनात उभं ऱ्हायलं तरी कळ येती."

मी तिचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्यानं दाबलं. ती इतकी दचकली की तिचा हात माझ्या खांद्यावर आपटला. मी म्हटलं, उभी राहा, एका पायावर उडी मार. ती मारायला गेली आणि ओट्याची कड धरली. डोळ्यांत पाणी. आणि मग माझ्याकडे बघत राहिली, डॉक्टरकडे बघतात तशी.

आता सांगू? इतका वेळ घोळवतेय.

मला कळलं होतं. संशय नव्हता, कळलं होतं. वहीतलं ते पान माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि मी म्हणाले, "काही नाही गं. नव्या पायाला होतंच. तेल लाव, सवय होईल."

ती "बरं" म्हणाली. तिचा चेहरा निवळला. आणि माझ्या मनात काय होतं? तिचा पाय मोडावा असं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या शपथेला काय चाटायचंय? ती हळू व्हावी असं होतं. दोन आठवडे तिनं लंगडावं, माझ्यामागे यावं, वळणावर मी थांबावं. एवढ्यासाठी. एवढ्याशा, चिल्लर गोष्टीसाठी! मोठं काही असतं तर निदान माझ्या नीचपणाला काही उंची तरी आली असती.

पाच आठवडे ती तशीच पळाली. तेल लावून. मी म्हणाले होते ना — मग लावायचंच. मध्ये एकदा मी टाच दाखवायला तळेगावला गेले तर मंगलचं पूर्वी माझ्याकडून ऐकलेलं, म्हणून बाईंनी स्वतःहून विचारलं, "तुमच्या जाऊबाई काय म्हणतात? पळतात ना अजून?" मी म्हटलं, "मजेत." दारातून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, एकदा घेऊन या त्यांना, पाय बघते. हा निरोप मी घरापर्यंत नेलाच नाही.

शर्यतीच्या दिवशी ती माझ्यापुढेच होती. भुशीच्या वरून उतार लागला आणि मला ती दिसली. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसली होती, दोन्ही हातांनी नडगी धरून. चेहरा पांढरा. मी थांबले. ती म्हणाली, "तुमी व्हा पुढं ताई. तुमची टाच चांगली हाय आज. मी येते बसत-उठत."

मी गेले.

आणि नुसती गेले असं नाही. पुढचे दोन किलोमीटर मी आनंदात पळाले. टाच दुखत नव्हती, डोंगरावरून गार वारा येत होता आणि मंगल माझ्या मागे होती. त्या दोन किलोमीटरांचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. आयुष्यात इतकी हलकी मी त्याआधी पळाले नव्हते आणि त्यानंतरही नाही.

मी वळणाआड गेल्यावर ती उठली होती. चार पावलं टाकली असतील. पाचव्याला हाड तुटलं. मागून येणाऱ्या एका माणसानं नंतर सांगितलं, आवाज आला म्हणून.

मी गळ्यात मेडल घालून तिला शोधत होते, तेव्हा ती लोणावळ्याच्या एका दवाखान्यात होती. मी पोचले तेव्हा डॉक्टर तिच्यावर खेकसत होते — पाच आठवडे दुखत होतं? कुणाला दाखवलं नाही? कुणी सांगितलं यावर पळायला? मंगल छताकडे बघत म्हणाली, "कुनी न्हाई. मलाच वाटलं, हुईल कमी."

मी तिथंच उभी होते.

दुपारी सासूबाई आल्या, आल्या त्या थेट माझ्यावर. "अगं, तू मास्तरीण ना पळायची? तुला कळलं न्हाई व्हय?" आणि मी — विचार करायलाही वेळ घेतला नाही — म्हणाले, "मी सांगितलेलं तिला थांब म्हणून. तिनंच ऐकलं नाही, आत्या."

मंगल जागी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. यावर काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतर सहा वर्षांत एकदाही नाही.

पायात सळई घातली. हाड जुळलं, पण थोडं फिरून जुळलं. आठ तास उभं राहणं जमेना म्हणून कँटीन सुटलं. तिची ती एकच जागा होती, जिथं ती आमची धाकटी नव्हती, मंगलताई होती. आता घरीच असते. स्वयंपाक करताना सगळा भार डाव्या पायावर देते. थंडीत रात्री विव्हळते, मधल्या भिंतीतून मला ऐकू येतं. आणि घरात गोष्ट पक्की झालेली आहे — थोरलीनं सांगितलं होतं, धाकटीनं ऐकलं नाही. सासूबाई पाहुण्यांना हीच सांगतात. मंगल पाहुण्यांपुढे चहा ठेवत असते आणि मी बिस्किटं पुढे करते.

मी अजून पळते. आठवड्याला चाळीस. टाच बरी आहे.

गेल्या रविवारी शेजारच्या आळीतली कविता आली. गावातल्या पाचसहा जणी आता पळायला लागल्यात आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं कुणी, तर मंगलनं. "आमच्या ताईंना इचारा, त्यांना पायातलं कळतं," म्हणाली होती म्हणे. मंगल तिथंच अंगणात मेथी निवडत होती. कविता म्हणाली, नडगी दुखतीय. आणि माझ्या तोंडून भराभरा निघून गेलं — "एका जागी दुखतंय की सगळीकडे? एका जागी असेल तर हाड आहे ते. एक पाऊल पळायचं नाही. आजच फोटो काढ, उद्यावर टाकू नको."

कविता गेली. मंगलचे हात थांबले होते. मेथीकडेच बघत तिनं विचारलं, "ताई, ह्ये तवा बी ठावं हुतं का तुमाला?"

सहा वर्षांतला पहिला प्रश्न. रागानं नाही, साधा. अंगणात आम्ही दोघीच होतो. सासूबाई देवळात, पोरं बाहेर. यापेक्षा सोपी जागा, यापेक्षा सोपी वेळ मला कुणी दिली असती? 'हो' म्हणायचं होतं फक्त.

मी म्हणाले, "नाही गं. हे मला नंतर कळलं. तुझ्यानंतर."

"बरं," ती म्हणाली. आणि भिंतीला हात टेकत उठून मेथी आत घेऊन गेली.

नंतर नाही. आधी. तिचा पाय माझ्या मांडीवर होता, तेव्हा.