हौश्याच्या झुलीचा गोट

बसा. चहा येतोय, तोवर माझी फजिती ऐकून घ्या. तशी ती साऱ्या धामणगावाला पाठ आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल तर बैलाला चार शिंगं फुटलेली असतील. माझ्याकडून ऐका, म्हणजे दोनच राहतील. मी बोलायला संथ माणूस, मध्ये घाई करू नका. आयुष्यात घाई केली ती एकदाच, आणि तीच सांगायला बसलो आहे.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झालेला. धामणगाव बढ्याच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान होतं. दुकान कसलं? एक फळी, पायाने चालवायचं एक मशीन आणि डोक्यावर पत्रा. शाळेशी माझं फारसं जमलं नाही, पण हात बरा होता. पोळा जवळ आला की बैलांच्या झुली शिवायला माणसं माझ्याकडेच यायची.

झुलीचं खरं काम तिच्या कडेला. चारी बाजूंनी गोट लावायचा, म्हणजे वेगळ्या रंगाची पट्टी दुमडून कड बंद करायची. हे सगळं हातानं, टाका टाका घालत. पोळ्यापर्यंत बोटांची चाळणी होते, त्या बोटांनी भजी तळून काढावीत अशी!

त्या वर्षी सुया आणायला मलकापूरला गेलो, तर दुकानदारानं एक वस्तू हातावर ठेवली. चिमुकला पितळी भोंगा. मशीनवर स्क्रूनं बसवायचा. मागून पट्टी घाला, मधल्या फटीत कापडाची कड धरा, की पट्टी आपोआप दुमडते, कडेवर बसते आणि सुई टाके मारत सुटते. नाव काय, तर बाइंडर.

दुकानदार समजावून सांगत होता. "देखो भाई, इसका मुँह सुई के एकदम सामने रखना. और एक बात हमेशा ध्यान में रखना..."

मी "हाव, हाव" म्हणत होतो. पण कान कुठे होते? भोंग्यात! ती 'एक बात' मी काही ऐकली नाही. पुढे ती मला हौश्यानं ऐकवली.

हौश्या म्हणजे गुलाबकाकांचा बैल. पांढराशुभ्र, धिप्पाड, आणि स्वभावानं पाहुण्यासारखा, कधी रुसेल सांगता येत नाही. हौश्या आणि गौऱ्या ही गावातली मानाची जोडी. पोळ्याला गावच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याच्याखाली सगळ्यात पुढे हीच उभी राहायची.

गावात आलो आणि, माझ्यासारख्या मुकाट माणसाला काय झालं देव जाणे, मी बढाई मारली. "आता झूल एका विड्यात तयार. पान तोंडात घाला, थुंका, तोवर गोट लागलेला!"

गुलाबकाका लगेच म्हणाले, "मंग माह्या जोडीच्या झुली तुह्याकडंच. पण पोळ्याले पायजेत बरं सदा. नाही तं तुलेच झूल घालून उभा करतो तोरणात."

हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा.

आता दुसरी गोष्ट सांगतो, कारण खरा जीव तिच्यात अडकला होता. आमच्या गावात शेवंता नावाची मुलगी मामाकडे राहायला आली होती. माझ्याकडून सुईदोरा घेऊन जायची. बोलणं म्हणाल तर "काळा द्या" आणि "हा घ्या", एवढंच. तेवढ्यावर मी रात्री छताशी गप्पा मारायचो. तिच्या मामीनं ते ओळखलं आणि देऊळघाटला तिच्या वडिलांच्या कानावर घातलं. वडिलांचा निरोप आला, "ज्याच्या दारी बैल नाही, त्याच्या घरी मी पोरगी देत नाही."

माझ्या दारी बैल? माझ्या दारी एक शेळीही नव्हती!

पण मामी खमकी. तिनं त्यांना पोळ्याला बोलावून घेतलं. मला म्हणाली, "तोरण झालं का पोळी खायले ये. चांगलं धोतर नेसून ये. बाकी माह्यावर सोड." म्हणजे पोळ्याच्या संध्याकाळी माझा निकाल.

चांगलं धोतर घरात एकच, माझ्या वडिलांचं, आबांचं, त्यांच्या लग्नातलं, रेशीमकाठी. आबांनी ते मला देताना दोनदा परत घेतलं आणि तिसऱ्यांदा दिलं.

झुली आधीच शिवून ठेवायच्या ना? पण एका विड्याचं काम, आधी कशाला करायचं? पोळ्याच्या दिवशी दुपारी, रेशीमकाठी धोतर नेसून, मी ऐटीत मशीनवर बसलो आणि भोंगा बसवायला घेतला.

टक्! पहिली सुई गेली.

भोंगा सुईच्या जवळ बसवला की सुई त्याच्यावर आपटे आणि मोडे. लांब बसवला की पट्टी एकीकडे, टाके दुसरीकडे, रुसलेल्या जावांसारखे. पान तोंडात चोथा होऊन गेलं. शेवटी काडेपेटीचा पुठ्ठा फाडून भोंग्याखाली दाबला, स्क्रू आवळला, देवाचं नाव घेतलं, पाय मारला...

आणि काय सांगू! पट्टी सापासारखी सरसरत आत जायला लागली आणि पलीकडून गोट होऊन बाहेर यायला लागला. पिवळाधमक, एकसारखा! मला हसूच आवरेना. गौऱ्याची झूल झाली. काकांनी ती न्यायला माणूस पाठवला. मी हौश्याची झूल मांडीवर घेतली. जाड, अस्तराची, अंगावर रजईसारखी पसरलेली. मी मशीन पळवतोय, मनात शेवंताच्या हातची पोळी खातोय, तोंडानं गुणगुणतोय. मी! गुणगुणतोय!

बाहेर गुलाबकाका हौश्याला घेऊन येऊन उभे.

"झालं का बे सदा? तिकडं येशीवर डफडं वाजून राह्यलं!"

"एकच कोपरा राह्यला काका."

"तू तं म्हणे एका विड्यात होते?"

"होते ना. विडा अजून तोंडातच हाये!"

शेवटचा टाका पडला. मी धागा तोडतो न तोडतो, तोच काकांनी झूल ओढली आणि हौश्याच्या पाठीवर फेकली. झूल गेली. झुलीमागं माझ्या धोतराचा सोगा गेला. आणि सोग्यामागं, स्टुलासकट, मी गेलो.

भोंग्यानं काय केलं होतं? फटीत झुलीची कड जात होती, तिला चिकटून आबांच्या धोतराचा सोगाही आत गेला होता. भोंग्याला काय, जे येईल ते गिळायचं! वीतभर सोगा पिवळ्या पट्टीत गुंडाळून त्यानं झुलीला पक्का शिवून टाकला होता. टाका इतका सुरेख, की तसा मला पुन्हा कधी साधला नाही.

"काका, थांबा! म्या शिवल्या गेलो!"

"काय झालं?"

"झुलीत! म्या झुलीत शिवल्या गेलो! कातर द्या!"

काका ओरडले, "खबरदार! अंगावर चढलेल्या झुलीले तोरण अन् पूजा झाल्याबिगर कातर लागत नाही. माह्या बापाच्या वक्तापासून लागली नाही. तुह्या धोतराले लाव."

मी कातर धोतराला लावली. तेवढ्यात समोर पाहिलं. ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी नुसतं धोतराकडे पाहिलं. मी कातर खाली ठेवली.

गर्दीतून कोणी शहाणा म्हणाला, "मंग धोतर सोडून दे ना, भाऊ." हाव, सोडतो! येशीवर साऱ्या गावच्या बाया, आणि धोतराखाली लंगोट!

काकांनी दोर हातात घेतला. "चाल मंग. टाइम नाही. बैलासंग बैल."

तुम्ही पोळ्याला बैलामागून चालला असाल. बैलाला शिवून कधी चालला आहात का? सोगा आखूड, म्हणून मला कमरेत वाकून, हौश्याच्या पोटाला खांदा लावून चालावं लागत होतं. तो थांबला की मी थांबायचो. तो शेपूट मारी, ती माझ्या तोंडावर. आणि गाव काय, गप्प बसणार?

"गुलाबराव, औंदा तीन बैल का हो?"

"नवीन घेतला का? दात पाह्यले का त्याचे?"

"अबे, याची शिंगं कुठी गेली?"

"लग्न झाल्यावर फुटतीन!"

तोरणाखाली उभे राहिलो. पहिल्यांदाच मी गावात मानाच्या जागी उभा होतो, आणि मान खाली होती.

मग रीतीप्रमाणे तोरण तोडून पोळा फुटला. एकदम गलका, आरोळ्या, डफड्यांचा कडकडाट, आणि हौश्या बुजला. गुलाबकाकांच्या हातून दोर सुटला. माणसं दोन्हीकडे पांगली. आता हा पळणार, आणि मी त्याच्याबरोबर फरफटत थेट मोताळ्याला पोचणार! मी काय केलं? दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी मारली. गळ्याखाली खाजवत त्याच्या कानात म्हणालो, "हौश्या, बाप्पा, पळू नको. आबाचं धोतर हाये. संध्याकाळी पोरगी पाहाची हाये. एवढं ऐक माह्यं."

ऐकलं त्यानं! फुरफुरला, माझ्या मुंडाशात नाक खुपसलं आणि उभा राहिला. मी आजही म्हणतो, माझं शांतपणे ऐकून घेणारा जगात तो एकटाच होता.

मला वाटलं, आता पूजा होईल, सुटलो. पण मानाची जोडी पूजेला पहिल्यांदा कुणाच्या दारी जाते? जुनी रीत होती, आणि त्या दिवशी ती मला विषासारखी आठवली. शेवंताच्या मामाच्या!

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?

दारात मामी आरतीचं ताट घेऊन उभी. ओट्यावर देऊळघाटचे पाहुणे, शेवंताचे वडील. पांढऱ्या मिशा, गुडघ्यावर काठी. दाराआड बांगड्या वाजल्या, त्या कुणाच्या ते मला न बघताच कळलं.

मामीनं गौऱ्याचे पाय धुतले. हौश्याचे धुतले. मग पाणी तसंच पुढे नेऊन माझेही धुतले. कुंकू लावलं. पोळीचा घास गौऱ्याला, घास हौश्याला, घास माझ्या तोंडात. मी खाल्ला. काय करणार? नाही म्हणायला तोंड मोकळं कुठे होतं?

म्हातारे पाहुणे काठी टेकत उठले. "हा कोण व?"

"हाच तो, भाऊजी. सदाशिव."

"अन् बैलाले काऊन चिकटून राह्यला?"

घास गिळून मी म्हणालो, "चिकटलो नाही जी. शिवल्या गेलो."

म्हातारे गंभीरपणे म्हणाले, "म्या निरोप धाडला होता. ज्याच्या दारी बैल नाही, त्याच्या घरी..."

"हाव, आठवते मले," मामी मध्येच म्हणाली. "त्याच्या दारी बैल नाही. पण तुमच्या दारी तो बैलाले शिवून आला ना! आता याच्याहून जास्त बैल कुठून आणावं त्यानं?"

म्हाताऱ्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. रागानं की हसण्यानं, मला कळेना. माझं काळीज तर भोंग्यातून गेल्यासारखं दुमडून गेलं होतं.

"म्या होतो येशीवर," ते म्हणाले. "बैल बुजला तव्हा मालकानं दोर सोडला. हा पोरगा नाही पळाला."

"पळन कसा?" मामी म्हणाली. "टाका पक्का होता!"

तेव्हा मात्र म्हातारे हसले. खो खो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता ओट्यावर बसले आणि म्हणाले, "टाका पक्का असला म्हंजे झालं. आनखी काय पायजे माणसाले?"

पूजा झाली होती. आता झुलीला हात लावायला हरकत नव्हती. शेवंता बाहेर आली. हातात कातर नव्हती, सुई होती. माझ्याच दुकानातली. हौश्याच्या बाजूला उकिडवी बसून ती एकेक टाका उसवायला लागली, आबांच्या रेशीमकाठाला धक्का न लावता. मी वर आभाळाकडे पाहत उभा. सारं गाव माझ्याकडे पाहत उभं.

शेवटचा टाका उसवून तिनं गोटावर बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच दोऱ्याच्या रंगापलीकडचं काही बोलली. "गोट सरळ लागला. माणूसच तेवढा तिरपा लागला."

लग्न झालं त्यानंतर. आबांनी मांडवात नेसायला मला नवं धोतर घेऊन दिलं. त्यांचं पुन्हा दिलं नाही.

पुढे मलकापूरला गेलो तेव्हा त्या दुकानदाराला विचारलं, की ती 'एक बात' कोणती हो? तो म्हणाला, "अरे, वही तो बोला था! पहले अपनी धोती सँभालना."

आता आम्ही दोघंच असतो. मशीन मुलानं झाकून ठेवलं आहे, भोंगा देवाच्या कोनाड्यात आहे. आमच्या दारी अजूनही बैल नाही. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात सगळे आपापल्या बैलांचे खांदे शेकतात, तेव्हा ही वाटीत हळद आणि लोणी घेऊन येते. माझी बंडी बाजूला सारते, माझा खांदा चोळते आणि अगदी रीतीप्रमाणे म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी म्हणतो, "अवो, ते बैलाले म्हणतात!"

ती म्हणते, "माहीत हाये मले. म्हणून तं. बाबाची अट मोडली नाही म्या."