मी तो सिनेमा दोनदा का पाहिला

बाळांनो, गेल्या रविवारी थोरल्याने व्हिडिओ कॉलवर त्याच्या मैत्रिणीला माझी ओळख करून दिली. "ही माझी आजी. हिला सुपरहिरो इतके आवडतात की एक मूव्ही ती थिएटरमध्ये दोनदा बघून आली." मुलगी कौतुकाने हसली. परक्या मुलीसमोर वाद नको, म्हणून मी गप्प बसले. पण अशा गोष्टी वेळेवर दुरुस्त केल्या नाहीत तर त्या घराण्यात खऱ्या म्हणून चालू राहतात. म्हणून आज लिहायला बसले. दोनदा पाहिला, हे खरं. आवडला, हे साफ खोटं.

तेव्हा थोरला अकरा वर्षांचा होता आणि धाकटी नुकती बोलायला लागली होती. सदाशिव पेठेतल्या आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मुलं, त्यांत तुमचा बाबाही, आयटीच्या नोकऱ्यांसाठी परदेशी गेलेली. रविवारी सकाळी जिना उतरताना प्रत्येक दारामागून "ऐकू येतंय का?" असा आवाज यायचा. आमच्याकडे ऐकू यायचं, पण बोलायलाच काही नसायचं. थोरला कॉम्प्युटरसमोर येऊन "हाय आजी, बरा आहे, जेवलो, बाय" एवढं म्हणायचा आणि पळायचा. शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा मुलं याहून जास्त वेळ उभी राहतात.

एकदा मात्र तो आपणहून थांबला. "आजी, नवा मूव्ही आलाय. सेकंड पार्ट. तुमच्याकडे पण लागलाय. तू बघ, मग आपण बोलू."

नातू "बोलू" म्हणाल्यावर मी कुठेही गेले असते. आजोबांनी स्कूटर काढली आणि आम्ही येरवड्याच्या पुढच्या एका मॉलमध्ये पोहोचलो. दारात पर्स उघडून माझ्या आलेपाकाच्या वड्या काढून घेतल्या. आत माझ्या चष्म्यावर दुसरा काळा चष्मा चढवायला दिला. तो सारखा नाकावरून घसरत होता, म्हणून अर्धा सिनेमा मी एका हाताने धरून पाहिला.

सिनेमात सात वीर होते. ते काय काम करतात आणि जेवतात कधी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आपण पहिल्या भागाचा अभ्यास करून आलो आहोत, असं ते धरूनच चालले होते. दोन बायका होत्या. त्यातली एक लढायची आणि दुसरी लढून आलेल्यांची समजूत काढायची. शत्रूने समुद्राची भिंत फोडली, सगळं शहर पाण्याखाली गेलं, आणि त्या पाण्यावरून उडताना हे सातजण एकमेकांना विनोद सांगत होते. थिएटर हसत होतं.

मला हसू आलं नाही. धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं तेव्हा मी थोरल्याएवढीच होते. शेजाऱ्यांनी आम्हाला त्यांच्या गच्चीवर ओढून घेतलं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता, आणि भिजलेल्या धान्याचा वास कपड्यांतून जाता जात नव्हता. पडद्यावर मात्र पाणी गेलं की रस्ते स्वच्छ. आजोबा कानात म्हणाले, "अहो, यांच्याकडे चिखल काढणारा आठवा वीर असणार. त्याचा वेगळा सिनेमा येईल."

शेवटी पाणी दुसऱ्यांदा आलं, तेव्हा एका वीराने त्या सगळ्याचा बर्फ केला आणि स्वतः त्यात गोठून मेला. बाकीचे रडले. नावं सुरू झाली तशी आम्ही उठलो, कारण पार्किंगमध्ये गर्दी होण्याआधी स्कूटर बाहेर काढायची होती. आयुष्यभर आम्ही असेच उठत आलो.

रविवारी मी मुद्देसूद मत दिलं. थोरला शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आणि नावांनंतरचा सीन?"

"कुठला सीन?"

"आजी! तू उठलीस? का?"

"स्कूटर काढायला."

"मग तू मूव्ही पाहिलाच नाहीस. तुझं ओपिनियन चालणार नाही."

आणि गेला. पुढच्या रविवारी परत "हाय, बरा आहे, बाय". मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजीचे पेपर तपासले. माझे मार्क चालणार नाहीत असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि ज्या एका विषयावर तो माझ्याशी बोलणार होता, तो विषयच हातातून गेला होता.

मी आजोबांना म्हटलं, परत जायचंय. ते म्हणाले, "शिक्षा झाली असेल तर तुम्ही एकट्याच भोगा." पण आले. मध्यंतरानंतर छान झोपलेही.

नावं सुरू झाली. ती संपतच नव्हती. दिवे लागले, झाडूवाल्या बाई आल्या. "आजी, संपला."

"नाही संपला. अजून आहे."

मागे कॉलेजची चार मुलं बसली होती. त्यांतला एकजण वाकून म्हणाला, "काकू, फॅन का?"

"नाही. विरोधक."

मग तो सीन आला. बर्फाला तडा गेला आणि मेलेल्या वीराचं बोट हललं. एवढंच. म्हणजे ज्याच्यासाठी सगळ्यांना रडवलं, तो मेलाच नव्हता! पहिल्यांदा तो सिनेमा मला नुसता वाईट वाटला होता. आता तो लबाडही ठरला.

रविवारी थोरल्याला आधी सीन सांगितला. "आता चालेल?"

"चालेल."

"मग ऐक. आधीपेक्षा जास्त वाईट आहे. माणूस मेला तर मेला पाहिजे. नाहीतर रडायचं कशाला?"

तो असा उसळला! "तो सॅक्रिफाइस होता, आजी! बाबा, सॅक्रिफाइसला काय म्हणतात?" आतून बाबा ओरडला, "बलिदान!" "हां, बलिदान! ते खोटं नसतं!" मी म्हटलं, परत उठून बसणाऱ्याचं कसलं बलिदान? मग मी पुराचं सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्हाला वाचवायला कोण आलं?" मी म्हटलं, "शेजारी. उडत नाही, जिन्यातून." त्यावरही त्याने वाद घातला. आई जेवायला हाका मारत होती, तरी तो जागचा हलला नाही.

त्या सिनेमाचे पुढे आणखी भाग आले. मी एकही पाहिला नाही आणि पाहणारही नाही. तरी थोरला दर रविवारी कशावरून तरी माझ्याशी भांडतो, आणि शब्द अडला की अजून बाबाला हाक मारतो. ते भांडण मराठीतच चालतं. तेवढं टिकलं आहे.