कणगीचा तळ

बॅटरीच्या खोलीत शिरताना तात्या चपला बाहेर काढायचे. कर्जतच्या आमच्या डायलिसिस सेंटरची मी व्यवस्थापक. छतावरची सोलर पॅनेलं आणि खालच्या बॅटऱ्या तात्यांकडे. साजगावच्या कारखान्यात जन्मभर वायरमन होते, निवृत्तीनंतर आमच्याकडे आले. "देऊळ आहे का तात्या ते?" मी एकदा चिडवलं. "खळ्यावर चपला घालून जातं का कोणी?" त्यांनी मलाच विचारलं.

दिवसभराचं ऊन म्हणजे पीक आणि बॅटरी म्हणजे कणगी, असा त्यांचा सरळ हिशेब. नवं भात येईस्तोवर कणगीचा तळ दिसू द्यायचा नाही, ही त्यांच्या आईची शिस्त. म्हणून वेटिंग हॉलचा एसी, जो फक्त सोलरवर चालायचा, तो बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की बंद. राहिलेलं सगळं डायलिसिसच्या यंत्रांसाठी राखीव. वीज कधी दगा देईल, काय भरवसा!

मे महिन्यात पेशंटचे नातेवाईक घामाने वैतागले आणि रोज माझ्याशी भांडू लागले. माझं डोकं आधीच तापट. मी मोबाइलवरून ते चाळीस खाली आणून दहावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तात्या समोर उभे. "ताई, तुमी कणगीच्या तळाला हात घातला."

"बॅटरी म्हणजे भात नव्हे, तात्या. सूर्य रोज उगवतो."

"उगवतो. पण रोज दिसतो का?"

"तुमचं काम पॅनेल पुसायचं, तेवढं बघा," मी ताडकन म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले, त्याची आजही लाज वाटते. ते फडकं उचलून निघून गेले.

त्या दिवसापासून पाचला सुटी झाली तरी ते घरी जाईनात. बॅटरीपाशी उभे राहायचे आणि चाळीस झाले की हॉलचा एसी हाताने बंद करायचे. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. एकदा सगळ्या स्टाफसमोर झापलं मी त्यांना. "बरं ताई," म्हणाले, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच.

जुलैत चार दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या दुपारी तारेवर झाड कोसळलं, वीज गेली आणि जनरेटर काही केल्या सुरू होईना. चार पेशंट यंत्रांवर, त्यांचं रक्त नळ्यांमध्ये फिरतंय. माझ्या डोक्यात एकच आकडा, दहा. मी बॅटरीच्या खोलीकडे धावले. तात्या अनवाणी उभे होते आणि पडद्यावर एक्केचाळीस होते.

"धापा टाकू नका. चौघांचंबी पुरं होईल."

झालं. शेवटच्या पेशंटची सुई निघाली तेव्हा मी तिथेच रडले. "तात्या, चुकलं माझं."

"मग ते चाळीसवर करा. पाय दुखतात माझे उभं राहून."

पुढच्या वर्षी साखरेने त्यांचीच किडनी खाल्ली. आठवड्यातून दोनदा ते काकूंबरोबर साजगावहून यायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर पेशंट म्हणून बसायचे. हात सुजलेला, चेहरा काळवंडलेला. मी दिसले की डोळे न उघडता एकच प्रश्न: "किती हाय?"

"साठ, तात्या."

"ऱ्हाऊ द्या."

ज्या दिवशी आभाळ भरलेलं असे, त्या दिवशी दोनदा विचारायचे. मग एका सोमवारी काकूंचा फोन आला. मंगळवारी तात्यांचं डायलिसिस होतं. मी ती खुर्ची दिवसभर कुणाला दिली नाही.

आता तिथे भिसेगावच्या एक बाई असतात. संध्याकाळी हॉलचा एसी बंद होतो, नातेवाईक कुरकुरतात. मी त्यांच्याकडे लक्ष न देता खिडकीपाशी जाते आणि मोठ्याने सांगते, "चाळीस हाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई दचकल्या. "मॅडम, कुणाला सांगताय?"

"ज्यांची कणगी, त्यांना."