उभ्या ट्रकची हवा

१९९७ च्या मार्चमध्ये, दुपारी एक ते साडेचारच्या दरम्यान, काष्टीत माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या दारात उभ्या असलेल्या ट्रकच्या एका टायरमधली हवा दुसऱ्या टायरमध्ये गेली. ट्रक जागचा हलला नव्हता.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अशा बातम्या आल्या की न छापता ठेवून द्यायचो. म्हणून फक्त पाहिलेलं लिहितो.

पुण्याहून एक विक्रेता आला होता. टायरमधली हवा उतरली की कळावं म्हणून त्याच्याकडे दोन वस्तू होत्या — व्हॉल्व्हवर बसवायच्या टोप्या, ज्या हवा पुरेशी असली की हिरव्या आणि उतरली की लाल दिसत. आणि केबिनमध्ये लावायचा महागडा काटा. अण्णाचं ठरत नव्हतं. आमचे ड्रायव्हर नामदेवमामा इतकी वर्षं टायरवर टॉमीचा लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा ओळखायचे. असलं काहीतरी घ्या, हे त्यांनीच सुचवलं होतं. "मालक, मला आता आवाज कळत न्हाई. उगं कुनाचा जीव जायचा."

अण्णा विक्रेत्याला म्हणाला, "तिसरं मशीन आमच्याकडं हायेच की! पन बहिरं झालंय." मग मामांच्या कानाशी ओरडला, "सहातल्या एकाची हवा सोडतो. वळखलं तर ऱ्हा, न्हाईतर घरी!"

"आवो, मीच तर सांगितलं तुमाला..."

"म्हनून तर बगायचं."

अण्णाने सहाही टायरांना टोप्या बसवल्या. मामांना पाठमोरं उभं केलं. हवा मी सोडली — मागचं उजवं, बाहेरचं टायर. शंभर पौंडांवरून चाळीस. टोपी लाल झाली. मग सगळ्या टोप्यांवर फडकी बांधली.

मामांनी सहाही टायरांवर टॉमी मारली. दोनदा. मग मागच्या डाव्या जोडीत वाकून आतल्या टायरवर हात ठेवला. "ह्ये."

मी हवा मोजायचा गेज लावला. शंभर.

विक्रेता हसला. अण्णाही. "वा नामदेव! एकच वळखायचं हुतं, त्येबी चुकलास!"

"पुन्ना बगा मालक. त्यात हवा न्हाई."

अण्णाने टॉमी काढून घेतली. मामा घरी जायला एसटी स्टँडकडे चालत गेले. तेव्हा एक वाजला होता.

मी ओट्यावरच बसून होतो, ट्रक समोर. घरी हवा भरायचं यंत्र नव्हतं; ते हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात. साडेचारला ट्रक तिकडे न्यायच्या आधी मी फडकी सोडली, पुन्हा गेज लावला. उजवं बाहेरचं — शंभर. डावं आतलं — चाळीस. टोप्यांचे रंगही तसेच बदललेले. पंक्चरवाल्याच्या गेजवरही तेच आकडे आले.

"मामांना बोलवू?" मी विचारलं.

"कशाला? टोपी दोन्ही टायमाला खरंच बोलली." संध्याकाळी अण्णाने सहाही टोप्या विकत घेतल्या.

हवा कशी गेली, हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. नामदेवमामा नंतर कुठल्याच ट्रकवर लागले नाहीत. त्या टायरमध्ये चाळीसच पौंड निघाले, हे अण्णाने त्यांना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.