तो जेवेपर्यंत

खिडकीबाहेर वाळत घातलेल्या ओढणीची सावली माझ्या पुस्तकावर हलत होती. कॉलेजात आम्हाला लावलेल्या कादंबऱ्यांतली मुलं नेहमी दार आपटून घराबाहेर पडतात आणि परक्या गावात भटकत राहतात. त्यांच्या एकटेपणावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिते. वाचताना मात्र मला एकच काळजी असते, यानं काही खाल्लं का. आपल्याकडे दारातून कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत. मलाही त्यांना उपाशी ठेवून पुस्तक मिटवत नाही. कुणीतरी चहा-पाव पुढे करेपर्यंत मी वाचत राहते.

आज आईने जेवायला हाक मारली, तेव्हा मी तंद्रीतच म्हणाले, "थांब ना, तो अजून जेवला नाहीये."

आई हातातला डाव घेऊनच दारात आली. "कोण गं?"

"कादंबरीतला मुलगा. भांडून घर सोडलंय त्याने."

आई हसेल असं मला वाटलं. मग आठवलं, दादाही दिवाळीआधी असाच ताटावरून उठून गेला होता, आणि अजून आला नाहीये.

तिने आत जाऊन गॅस बंद केला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. ओढणीची सावली तिच्या मांडीवर हलू लागली.

"होऊ दे त्याचं आधी," ती म्हणाली. "मोठ्याने वाच."