चिंगीचा चट्टा माझ्या दंडावर

मांजरवाल्यांनो, आज मला चैन पडत नाहीये.

चिंगीच्या कानामागचे केस गोल गळले होते. मला वाटलं, बोक्याशी भांडली असेल. मग माझ्याही दंडावर तसाच लाल गोल चट्टा उठला. ती रोज डोकं ठेवून झोपते ना, बरोबर तिथेच.

आज खरवईहून रिक्षाने तिला अंबरनाथच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, “फंगल आहे, नायटा. माणसांचं मलम लावू नका, ती चाटेल. आणि बरी होईपर्यंत वेगळी ठेवा.”

आता ती आतल्या खोलीत दार खरवडतेय. आई म्हणते, “अगं, भिंतीपलीकडेच तर आहे!”

चट्टा जाईल हो. पण दार उघडल्यावर ती परत तिथेच डोकं ठेवेल ना? वेगळी ठेवल्यावर तुमची मांजर आली होती का परत कुशीत?